तसबिरींखालची टोपी

प्रिय येलिझार,

तुझं पत्र फेब्रुवारीत आलं आणि त्यातल्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला ते ठाऊक आहे. तू आठवण करून दिली नाहीस, कारण तो तुझा स्वभावच नाही. दुसरा कोणी एव्हाना चिडला असता, आणि मला ते सोपं गेलं असतं. प्रश्न साधा होता. तिकडे उरलच्या थंडीत एकट्याने म्हातारपण काढण्यापेक्षा इथे डॉनकाठी यावं, रीतसर लग्न करून माझ्या घरात राहावं, अशी तुझी इच्छा आहे. माझी तयारी आहे का? हो किंवा नाही. शाळेत मी मुलांना सांगायची की एका शब्दाचं उत्तर असेल तर एकच शब्द लिहा, पान भरू नका. आता मी स्वतः पान भरते आहे. नीट बसून वाच.

सकाळपासून मी टेबलाशी बसते आणि उठते. गेल्या आठवड्यात नदीवरचं बर्फ फुटलं. ते फुटतं तेव्हा इथे कोणाचं चित्त जागेवर नसतं. गाई दूध चोरतात, कुत्री विनाकारण भुंकतात, बायका कुंपणावरून भांडणं उकरून काढतात. बर्फाचे मोठे मोठे तुकडे एकमेकांवर चढत दक्षिणेकडे चालले आहेत, पलीकडच्या कुरणात पाणी शिरलं आहे, आणि पूर्वेचा वारा सुटला आहे तो थांबायला तयार नाही. मी दोन ओळी लिहिते, उठून खिडकीशी जाते, काही बदललेलं नसतं, परत येते. इतकी वर्षं मी मुलांना चुळबूळ करू नका म्हणून दटावलं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला पाठ झालं आहे, आणि ते आवडलं म्हणून नव्हे. तू लिहिलंस, ‘तुझ्या अवेर्यानची टोपी आहे तिथेच राहू दे, ग्लाफिरा. दुसऱ्या माणसाची आठवण पाण्यात टाकायला मी येणार नाही. मला घरातला एक कोपरा पुरे.’ लिहिताना तुला वाटलं असेल की आपण फार समजूतदारपणा दाखवला. मी ते वाचलं आणि पातेल्यावर झाकण इतक्या जोरात आदळलं की शेजारची उस्तिन्या कुंपणाशी आली. तिला आता ऐंशी उलटली, पण ऐकू मात्र नको तेवढं येतं, आणि हाक ती मला बापाच्या नावानेच मारते. “काय गं निकांद्रोव्ना, भांडी कोणावर फोडतेस? तुझ्या घरात तर मारायलाही कोणी नाही.” मी म्हटलं, पत्र आलंय. “मग पत्रावर फोड,” ती म्हणाली, “पातेलं कशाला फोडतेस?”

सरकारने तुला आणि तुझ्या घरच्यांना गाडीत घालून उत्तरेला नेलं तेव्हा आपण दुसरीत होतो. म्हणून ही रीत तुला कोणी धड सांगितली नसेल असं धरून चालते. कोसॅक मेला की त्याची टोपी घरात देवाच्या तसबिरींखालच्या फळीवर ठेवतात. त्याचा अर्थ, या घराला आता पुरुष नाही, हे घर देवाच्या आणि गावाच्या हवाली आहे. इथे आवाज चढवायचा नाही, इथल्या बाईला वाकडं बोलायचं नाही. बाईने पुन्हा लग्न केलं, तर नवा नवरा ती टोपी स्वतःच्या हाताने खाली काढतो, दिवसाउजेडी लोकांदेखत नदीवर नेतो आणि प्रवाहात सोडतो. त्यात मेलेल्याचा अपमान नाही. त्याचा अर्थ एवढाच की यापुढे या घराचं बरंवाईट मी पाहीन. आणि जो ती काढत नाही, तो नवरा नव्हे. तो भाडेकरू. येलिझार, मला भाडेकरू नको आहे. भाडेकरू हवा असता तर शाळेत नवीन आलेल्या गणिताच्या मास्तरला मी कधीच खोली दिली असती.

तू म्हणशील, आणि बरोबर म्हणशील, की ती टोपी काही खरी नव्हेच. खरी नाहीच. हे तुला मी थंडीतल्या पत्रांतून तुकड्या-तुकड्याने लिहिलं, आज सलग सांगते.

अवेर्यान ट्रक चालवायचा. त्याचा बाप व्होरोनेझकडचा सुतार, खांद्यावर करवत टाकून कामाच्या शोधात इथे आला आणि राहिला. म्हणजे तो मुळात कोसॅकच नव्हे. आमच्या आज्या अशांना ‘बाहेरचा’ म्हणायच्या आणि विहिरीवर त्यांच्या बायकांना शेवटी पाणी भरू द्यायच्या. आमचं लग्न लढाईनंतरचं. पुरुषच उरले नव्हते, तेव्हा कोण आतला आणि कोण बाहेरचा हे कोणी विचारत नव्हतं. मग पन्नासच्या दशकाच्या शेवटी सिनेमावाले आले. आमच्या गावावरची म्हणतात ती जाडजूड कादंबरी, जी मी दर वर्षी वरच्या वर्गाला शिकवायची, तिच्यावर त्यांना सिनेमा काढायचा होता. दिग्दर्शक गावातून फिरत होता आणि अवेर्यान ट्रकखालून सरपटत बाहेर येत होता. ते नाक, त्या भुवया, गालावर काळं ग्रीस. दिग्दर्शक जागीच थांबला. म्हणाला, “हाच. हलू नका कोणी. हाच तो.” नायकाचं काम अर्थातच मॉस्कोच्या नटाने केलं. पण लांबून दिसणारा नायक, टेकडीवर घोडा थोपवून नदीकडे बघणारा, तो माझा नवरा. घोड्यावर तो जन्मात बसला नव्हता. आधी इतक्या वेळा पडला की मी कमरेला लावायला हंसाच्या चरबीचं मलम आख्खं संपवलं. सिनेमावाले गेले आणि लाल पट्टीची टोपी त्याच्याकडे राहिली. आत अस्तराला स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे. अजून आहे.

त्यानंतर तो सिनेमातून परत आलाच नाही. मिशा वाढवल्या, कपाळावर झुलूप सोडलं. पर्यटकांच्या बस यायला लागल्या तसा तो रविवारी धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. शहरातल्या बायका विचारायच्या, “तुम्हीच ना हो ते?” आणि तो उत्तर न देता नदीकडे बघायचा. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं. घरात मी म्हणायची, अवेर्यान, बटाटे सोलून दे. तो म्हणायचा, “कोसॅकला पातं बटाट्यांसाठी दिलेलं नसतं, बाई.” मग मुकाट्याने सोलायचा. वाईट नव्हता तो. मला कधी हात लावला नाही, दारूही सणावारीच प्यायचा. पण जेवायला बसलं की समोर नवरा हवा असतो, आणि माझ्यासमोर कादंबरीचं पान बसलेलं असायचं. गाव त्याला तसंच ओळखायला लागलं. ज्या म्हाताऱ्यांना त्याचा सुतार बाप आठवत होता त्या एकेक करून मेल्या. तो गेला तेव्हा जिल्ह्याच्या क्रीडामंडळाकडून घोडा मागवून रिकाम्या खोगिरासह शवपेटीमागे चालवला. टोपी पेटीवर होती. दफनानंतर ती कोणीतरी आणून माझ्या घरात तसबिरींखाली ठेवली. मला विचारलंही नाही.

मी आयुष्यभर साहित्य शिकवलं, त्यामुळे आपल्या साहित्यातला कोसॅक मला आतून-बाहेरून माहीत आहे. तो कधी कुंपण दुरुस्त करत नाही. त्याची दाढ दुखत नाही. त्याची एक बायको असते, तिने दारात उभं राहायचं असतं, आणि दुसरी एक बाई असते, तिने पलीकडच्या काठावर वाट पाहायची असते. तो राजाला जुमानत नाही, देवाला निम्मा जुमानतो, आईपुढे मात्र रडतो. शेवटी उंच गवतात पडून मरतो आणि वर आभाळात ससाणा फिरत असतो. ससाणा पाहिजेच. आमच्या लेखकांनी, ज्यातले बरेचसे खोगिरावर बसायला लावले असते तर अवेर्यानसारखेच पडले असते, पिढ्यान्‌पिढ्या हा माणूस घडवला. वाचला कोणी? कचेरीतल्या कारकुनांनी, डॉक्टरांच्या बायकांनी, रोस्तोवच्या वसतिगृहात माझ्यासकट साऱ्या मुलींनी. ज्यांना रोज कोणापुढे तरी मान खाली घालावी लागते त्यांना पुस्तकात मान ताठ असलेला एक माणूस लागतो. यात मला काही गैर वाटत नाही. भूक आहे ती. पण माझ्या आजोबांनी स्वतःच्या खर्चाने घोडा घेतला, परमुलखात एका धान्याच्या गोदामावर पहारा करण्यात तरुणपण घालवलं आणि सांधेदुखी घेऊन घरी आले. ते खरे कोसॅक. त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही, आणि लिहिली असती तर वर्गातली पोरं झोपली असती.

आता उठून पाणी बघून आले. धक्क्याच्या पायऱ्या बुडाल्या आहेत. पलीकडे नेणारी होडी अजून सुरू नाही.

गेल्या उन्हाळ्यात तू आलास तो दिवस मी तुला कधी लिहिला नाही, कारण तो तुलाही माहीत आहे असं धरलं. पण तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. निवृत्तीनंतर मी संग्रहालयात आठवड्यातून थोडे तास माहिती सांगायला जाते, ज्याला सगळे ‘नायकाचं घर’ म्हणतात तिथे. लोकांना मजकूर पाठ करून ऐकवायचा: या खिडकीशी तो उभा राहिला, या बाकावर तो बसला. जो माणूस जन्मालाच आला नाही तो कुठे बसला हे मी लोकांना सांगते आणि लोक त्या बाकाचा फोटो काढतात. त्या दिवशी मी खिडकीपाशी पोहोचले आणि मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, “तिथे थंडीत आजीच्या कोंबड्या असायच्या.” मी न वळता सांगितलं, प्रश्न शेवटी. तू शेवटपर्यंत थांबलास. सगळे बाहेर गेल्यावर पुढे आलास, ठेंगणा, जाड भिंगांचा चष्मा, टोपी दोन्ही हातांत धरलेली, आणि विचारलंस, “दाराच्या चौकटीला हात लावला तर चालेल का?” भिंतीवर पाटी होती, हात लावू नये. तू ती पाटी वाचली होतीस. तुझ्या आजोबांनी घातलेली चौकट, तुझ्या उंचीच्या खुणा तिच्यावर रंगाखाली अजून असतील, आणि तू तिकीट काढून आत येऊन परवानगी मागत होतास.

मी म्हटलं, नाव? वर्गात विचारावं तसं. तू सांगितलंस. वस्तू दाखवायची माझ्या हातातली काठी मी बाकावर ठेवली, एवढं मला आठवतं. नंतर अंगणात तू वर बघून म्हणालास, “झडपा निळ्या होत्या.” बरोबर. कादंबरीत हिरव्या आहेत, म्हणून संग्रहालयाने हिरव्या रंगवल्या. मी विचारलं, मग संग्रहालयाच्या साहेबांना का नाही सांगितलंस? तू म्हणालास, “हिरव्याही बऱ्या दिसतात.” मला तेव्हाच राग आला होता. इतका राग की मी तुला जेवायला बोलावलं.

जेवताना तू तीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्यास ते सांगितलंस, बायको गेली ते सांगितलंस, घोड्याची भीती वाटते हेही सांगितलंस, आणि मी वाढलेलं माशाचं कालवण मागून घेऊन खाल्लंस. माझ्या टेबलाशी किती तरी वर्षांनी कोणी काही मागून खाल्लं होतं. तू तसबिरींकडे पाहिलंस, टोपीकडे पाहिलंस आणि आवाज खाली आणलास. सगळेच आणतात. छप्पर दुरुस्त करणारा आणतो, पोस्टमन आणतो. त्या टोपीखाली माझ्याशी कोणी गेली चार वर्षं साध्या आवाजात बोललेलं नाही, उस्तिन्या सोडून.

आता इकडची बातमी, कारण तिच्यामुळेच मला बसवत नाही. आमच्याकडे पुन्हा कोसॅक झाले आहेत. म्हणजे माणसं तीच, कपडे नवे. विजारींना लाल पट्ट्या शिवून घेतल्यात, छातीवर कुठली कुठली पदकं लावलीत. रविवारी जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुषांचं रिंगण भरतं आणि ठराव होतात. त्यांचा म्होरक्या, अतामान, म्हणजे तिखोन लझारेविच. परवापरवापर्यंत सामुदायिक शेतीवर पक्षाचा सेक्रेटरी होता आणि शाळेत येऊन ‘देव नाही’ यावर भाषण द्यायचा. मार्चमध्ये तो माझ्याकडे आला. उंबऱ्यात थांबला, तसबिरींसमोर क्रूस केला, उलट्या बाजूने. मी म्हटलं, उजवीकडून डावीकडे, तिखोन. त्याने परत केला. माझाच विद्यार्थी आहे, व्याकरणातही असाच होता.

मग तो मुद्द्यावर आला. “बाई, टोपी आता तुमच्या एकटीची राहिलेली नाही.” संग्रहालयाच्या दर्शनी खोलीत काचेची पेटी करायची, आत लाल मखमलीवर टोपी ठेवायची, भोवती रिंगणाने शपथा घ्यायच्या. मी टोपी खाली काढली, उलटी केली आणि त्याला अस्तरातला जांभळा शिक्का दाखवला. तो म्हणाला, “शिक्का आतून आहे. बाहेरून कोणाला दिसतो?” मी म्हटलं, आणि अवेर्यान कोसॅक नव्हता, त्याचा बाप करवत घेऊन आला होता, तुझ्या आजीनेच त्या सुताराच्या बायकोला विहिरीवर रांगेत मागे काढलं होतं. तिखोन इकडेतिकडे बघायला लागला. “बाई, जरा हळू बोला. लोकांना काहीतरी लागतं हो. पक्ष गेला, शेती जायच्या वाटेवर आहे. पोरं विचारतात आम्ही कोण, तर काय दाखवू त्यांना? धान्याचं गोदाम दाखवू?” हे तो बोलला तेव्हा मला क्षणभर त्याची दया आली. तेवढ्यात त्याने पुढचं सांगितलं. पेटीशेजारी एक खुर्ची असेल. रविवारी आणि सणाच्या दिवशी मी काळा रुमाल बांधून तिथे बसायचं. नायकाची विधवा. “तुम्हाला काही बोलायचं नाहीये, बाई. नुसतं बसायचं. लोक फोटो काढतील.”

मी त्याला चहासुद्धा दिला नाही. उस्तिन्याला सांगितलं तर ती हसता हसता खोकायला लागली. “तुलाही काचेतच घालतील बघ. चांगलं आहे, धूळ तरी बसणार नाही.” मग डोळे पुसून म्हणाली, “आणि तो तुझा चष्मेवाला? तो काय म्हणतो?” मी म्हटलं, तो म्हणतो त्याला एक कोपरा पुरे. “कोपरा तर माझ्या मांजरालाही पुरतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

येलिझार, मी हे तुला हसवायला लिहीत नाही. तुझ्या पत्रात जे आहे तो समजूतदारपणा नव्हे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. लहानपणी तुमच्या दारात लोक आले आणि म्हणाले, हे तुमचं नाही. घर तुमचं नाही, गाय तुमची नाही, आजीच्या कोंबड्या तुमच्या नाहीत. तेव्हापासून तू प्रत्येक गोष्टीला हात लावण्याआधी विचारतोस, आणि विचारूनही लावत नाहीस. मला ते समजतं. मी तुझ्या वर्गात होते, दुसऱ्या दिवशी तुझी बाकावरची जागा रिकामी होती आणि मास्तरांनी हजेरीत तुझं नाव घेतलं नाही, तेही मला आठवतं. पण समजणं वेगळं आणि त्याच्याबरोबर राहणं वेगळं. ज्याला सगळं जगच आपलं वाटत होतं अशा एका माणसाबरोबर मी जन्म काढला. आता ज्याला स्वतःच्या आजोबाची चौकटही आपली वाटत नाही, त्याच्याबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. म्हणून उत्तर आलं नाही. टोपी हे निमित्त.

मागच्या रविवारी रिंगण भरलं. शाळेच्या पटांगणात, आणि ठराव माझ्या टोपीचा. बायकांना रिंगणात पाऊल टाकता येत नाही, म्हणून मी कुंपणाबाहेर उभी राहिले. उस्तिन्याही आली, बसायला घरून बादली घेऊन, ती पालथी घालून बसली. तिखोनने भाषण केलं: अवेर्यान म्हणजे आपल्या भूमीचा आत्मा, वगैरे. त्यात कादंबरीतली आख्खी वाक्यं होती आणि दोन चुकीची होती. मग त्याने विचारलं, सगळ्यांना मंजूर? मी कुंपणाबाहेरून म्हटलं, नाही. तिखोन म्हणाला, “बाई, रिवाजाप्रमाणे स्त्रीला रिंगणात बोलता येत नाही.” मी म्हटलं, मी रिंगणात नाही, मी रस्त्यावर आहे. आणि रिवाजाचंच बोलायचं तर नीट बोला. विधवेच्या घरातली टोपी गाव काढत नाही, अतामान काढत नाही, संग्रहालय काढत नाही. ती फक्त नवा नवरा काढतो आणि नदीत सोडतो. तुम्ही रिवाज परत आणताय ना? मग आख्खा आणा, सोयीचा तेवढा नको.

पटांगणातली बरीचशी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. पट्ट्यांच्या विजारी, कमरेला तलवारी, आणि मी आवाज चढवल्याबरोबर कित्येकांचे हात मागे गेले, पाठ सरळ झाली. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “रिवाज तर बाई सांगतायत तोच आहे. माझ्या आईच्या वेळी तसंच झालं होतं.” तिखोनचा चेहरा लाल झाला. पण तो मूर्ख नाही. त्याने चाबूक बुटावर आपटला आणि म्हणाला, “ठीक आहे. रिवाज तर रिवाज. मग नवा नवरा कुठाय? नवरा असेल तर दाखवा, नसेल तर टोपी आमची.” काही जण हसले. या वयात, असं त्यांना म्हणायचं होतं. उस्तिन्याने बादलीवरून माझ्याकडे मान वळवून पाहिलं. वारा एवढा होता की रुमाल धरून ठेवावा लागत होता, आणि खाली नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते. मला उत्तर द्यायचं होतं, आणि तुझं पत्र घरी टेबलावर अनुत्तरित पडलं होतं.

मी काय बोलले ते तुला गाववाल्यांकडून किंवा तिखोनच्या ठरावाच्या कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी म्हटलं, नवरा आहे. नाव येलिझार, कोणाचा नातू ते तुम्हाला माहीत असायला हवं, कारण त्याच्याच आजोबांच्या घराची तुम्ही तिकिटं विकता. त्याने मला विचारलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. हे मी सगळ्या गावासमोर सांगितलं, तुला सांगण्याआधी. आता ते परत घेता येत नाही, आणि मला घ्यायचंही नाही. कोणी हसलं नाही. तिखोनने उन्हाळ्याच्या तोंडावरच्या त्रोइत्सेच्या सणापर्यंत, घरात आपण हिरवं गवत अंथरतो त्या दिवसापर्यंत, मुदत दिली. तोवर नवरा आला तर टोपी त्याची, नाही तर काचेची पेटी, आणि शेजारी खुर्ची. उलट टपाली उत्तर लिहीत बसू नकोस, टपालाला वेळ लागतो. गाडीत बस. तुला घोड्यावर बसायचं नाही, तलवार उचलायची नाही, कोणाशी भांडायचं नाही. घरात यायचं, बूट पुसायचे, सरळ त्या फळीपाशी जायचं आणि टोपी काढायची. ती काढताना कोणाला विचारू नकोस, मलासुद्धा नाही. विचारलंस तर मी नको म्हणेन. काठावरून टाकू नकोस, तिथे पाणी उथळ आहे आणि पोरं उचलून परत आणतील. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जा, तिथे प्रवाह आहे. मी तुझ्याबरोबर चालेन, आणि तुझा चष्मा माझ्या हातात दे, वारा फार आहे.

सगळ्या गावाला आधीच कळलं आहे, आता तुलाही कळू दे,

तुझीच
ग्लाशा